स्पोर्ट क्वाड की युटिलिटी? ठरवताना सगळ्यात संथ दिवस मोजा

क्वाड म्हणजे फुगीर टायरची, हँडलने चालवायची चारचाकी; स्पोर्ट ही वेगाच्या मजेसाठी, युटिलिटी ही ओझ्याच्या कामासाठी. माझी पहिली क्वाड मी चुकीची घेतली. लाल रंगाची, ४५० सीसीची स्पोर्ट गाडी. समोरून बघितली तर रागावलेल्या नाकतोड्यासारखी दिसायची. घेताना मी स्वतःची समजूत घातली होती की कुंपणाचे खांब, तारेची भेंडोळी, फवारणीची टाकी हे सगळं हिच्यामागे छोटा ट्रेलर लावून ओढता येईल. इंजिन एवढं दमदार, मग एवढंसं ओझं काय जड आहे! ट्रेलर लावायला हूक नव्हता, तोही वेल्डिंग करून बसवून घेतला. हूक का नाही हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

पहिल्याच आठवड्यात एका चढावर क्लचचा जळका वास यायला लागला. वर पोचल्यावर ट्रेलर फाटकातून मागे घ्यायचा होता, आणि तेव्हा आठवलं की या गाडीला रिव्हर्स गिअरच नाही. ट्रेलर सोडवला, उतरलो, मागचा दांडा धरून पावणेदोनशे किलोहून जास्त वजनाचं ते धूड इंच-इंच सरकवत तोंड फिरवलं, परत ट्रेलर जोडला. हे मी त्या दिवशी चार वेळा केलं. पाचव्या वेळी ट्रेलर होता तिथेच ठेवला आणि उरलेले खांब खांद्यावरून नेले.

तेव्हापासून कोणी ‘कुठली क्वाड घेऊ’ असं विचारलं की मी सीसीबद्दल बोलत नाही. मी उलट विचारतो, तुमचा सगळ्यात संथ दिवस कसा असेल? वेगाच्या दिवशी कुठलीही क्वाड मजा देते. पण चालण्याच्या वेगाने, ओझं घेऊन, चिखलातून, दहा वेळा थांबत-उतरत जायचं असेल, तेव्हा खरी गाडी कळते. असा दिवस तुमच्या वाट्याला वर्षातून दोनदाच येणार असेल तर खुशाल स्पोर्ट घ्या. दर आठवड्याला येणार असेल तर पुढचं वाचायच्या आधीच तुमचं उत्तर युटिलिटी आहे.

या दोन जाती वेगळ्या कशा झाल्या तेही बघण्यासारखं आहे. सुरुवात झाली ती तीन चाकांवर. होंडाने १९७० साली फुग्यासारख्या टायरची तीनचाकी बाजारात आणली. ती वळणावर उलटायची फार, आणि अमेरिकेत १९८८ साली अशा तीनचाकींची नवी विक्री थांबली. तोवर चार चाकं आली होती. सुझुकीची १९८३ ची क्वाडरनर ही पहिली चारचाकी मानली जाते. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच वाटा फुटल्या. १९८५ मध्ये सुझुकीने शर्यतीसाठी क्वाडरेसर काढली, आणि १९८६ मध्ये होंडाने चारही चाकांना ताकद देणारी फोरट्रॅक्स ३५० आणली. एक मोटोक्रॉस बाईकच्या वळणावर गेली, दुसरी छोट्या ट्रॅक्टरच्या. आजही शोरूममध्ये दोन्ही शेजारी उभ्या असल्या तरी नातं चुलत भावंडांचंच आहे.

खाली वाकून बघा

दिसण्यावर जाऊ नका. गुडघ्यावर बसा आणि मागच्या चाकांच्या मधे बघा. स्पोर्ट क्वाडला तिथे एक सरळ, अखंड एक्सल दिसेल. त्यावर स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चकती, आणि स्प्रॉकेटवर चेन. ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. हे सगळं हलकं असतं, साधं असतं, आणि इंजिनचा जोर फारसा वाया न जाता चाकापर्यंत पोचतो. पण ते स्प्रॉकेट जमिनीपासून जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरवर लटकत असतं. रस्त्यात विटेएवढा दगड आडवा आला की पहिला मार त्यालाच.

युटिलिटीला तिथे चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे ताकद पोचवणारा फिरता दांडा असतो, आणि बऱ्याच मॉडेल्सना मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हलतील असं सस्पेन्शन. अशा गाडीत मधे लटकणारं काही नाही, त्यामुळे ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांच्यामधलं अंतर, पंचवीस ते तीस सेंटिमीटर मिळतो. ओंडक्यावरून, खडकावरून, जुन्या चाकोऱ्यांतून ती पोट न घासता जाते. एक बटण दाबलं की पुढची चाकंही ओढायला लागतात. काहींना पुढचा डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) लॉक करायची सोय असते. तो लॉक केला की हँडल दगडासारखं जड होतं, म्हणून तो अडकल्यावर बाहेर पडण्यापुरताच वापरायचा आणि लगेच सोडायचा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘युटिलिटी वळायला सोपी, कारण तिला मागे डिफरन्शियल असतो’ असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेक युटिलिटी क्वाडना मागे डिफरन्शियल नसतोच. स्पोर्ट असो की युटिलिटी, मागची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात, आणि वळताना आतल्या चाकाला थोडं घसरावंच लागतं. मातीत ते घसरतं, डांबरी रस्त्यावर घसरत नाही. म्हणून क्वाड डांबरी रस्त्यावर विचित्र वागते, सरळच जायला बघते, आणि जबरदस्ती केली तर चाकं उचलते. ‘जाण्या-येण्यालाही होईल’ म्हणून क्वाड घेणाऱ्यांना मी स्कूटरच सुचवतो.

वळायचं कसं हे दोन्हीकडे सारखंच: वेग आधी कमी करायचा, वजन बाहेरच्या पायावर टाकायचं आणि धड वळणाच्या आत झुकवायचं. फरक असा की स्पोर्ट क्वाडवर तुम्ही हे विसरलात तर ती लगेच कानाखाली वाजवते. युटिलिटी शंभरदा माफ करते, आणि एकदाच करत नाही. पण त्या वेळी अंगावर तीनशे किलो असतात.

ओझ्याचा हिशेब

लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून इथे जरा थांबतो.

कित्येक स्पोर्ट क्वाडवर एकूण भाराची मर्यादा १०० किलोच्या आसपास असते, आणि त्यात चालवणाराही आला. म्हणजे तुम्ही ८५ किलोचे असाल तर हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी आणि हत्यारं घेतली की कोटा संपला. कॅरिअर लावू का, हा प्रश्नच उरत नाही.

मध्यम आकाराच्या युटिलिटीवर हीच मर्यादा साधारण २२० किलो असते. पुढच्या कॅरिअरवर ४०-५०, मागच्यावर ८०-९०, बाकी तुम्ही. ऐकायला भरपूर वाटतं. आता १०० लिटरची फवारणीची टाकी मागच्या कॅरिअरवर ठेवा. नुसतं पाणीच १०० किलो झालं, वर टाकी आणि पंप. मर्यादा ओलांडली. त्या कॅरिअरवर ६०-७० लिटरची टाकी शोभते, त्याहून मोठी हवी असेल तर ट्रेलरवर. ओढायची क्षमता मॉडेलप्रमाणे ३८५ किलोपासून ६०० किलो किंवा त्याहून वर जाते, पण हा आकडा सपाटीवरचा समजा. उतारावर ट्रेलर तुम्हाला ढकलतो, आणि ब्रेक फक्त गाडीला असतात.

टाकीची आणखी एक खोड आहे. पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त धोक्याची. मी एकदा युटिलिटीवर आडव्या उतारावरून चाललो होतो, तण मारायचं काम, वेग माणसाच्या चालीएवढा. टाकी निम्मी झाली होती. एक खड्डा आला, खालच्या बाजूचं चाक बसलं. आधी पाणी खालच्या बाजूला गेलं, त्याचा ‘डुब्ब’ असा आवाज ऐकू आला, आणि मग अर्धा सेकंद गाडी विचार करत राहिली. वरच्या बाजूची दोन्ही चाकं हलकी झालेली मला बुडाखाली जाणवली. मी वरच्या बाजूच्या फूटबोर्डवर जवळजवळ उभाच राहिलो, हँडल उताराच्या दिशेने सोडलं आणि गाडी खाली घेतली. काही झालं नाही. पण त्या दिवसापासून टाकीला आत आडवे पडदे आहेत की नाहीत हे बघितल्याशिवाय मी टाकी घेत नाही, आणि आडव्या उतारावर फवारत नाही; सरळ वर-खाली जातो.

कामाची क्वाड घेणार असाल तर उलटल्यावर चालवणाऱ्याला चेंगरण्यापासून वाचवणारी कमान मागे लावून घ्या. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाडना ती सक्तीची आहे. दिसायला बेढब, पण माझ्या गाडीला आहे. स्पोर्ट क्वाडला ती लावत नाहीत, कारण तिथे शरीर सतत मागे-पुढे हलवावं लागतं.

गिअर, बेल्ट आणि अंगठा

स्पोर्ट क्वाडला बहुधा हाताचा क्लच आणि पायाचे पाच गिअर. मोटरसायकल चालवणाऱ्याला घरचं वाटतं. बहुतेक युटिलिटींना बेल्टवर चालणारा आपोआप बदलणारा गिअर; तुम्ही फक्त हाय, लो, न्यूट्रल, रिव्हर्स निवडायचं. संथ कामाला यासारखं सुख नाही. पण बेल्टलाही दुखणी आहेत. ओझं ओढताना आळस करून हायमध्येच राहिलात तर बेल्ट घसरतो, तापतो आणि जळतो. खोल पाण्यात गेलात आणि बेल्टच्या पेटीत पाणी शिरलं तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. उपाय ठरलेला: ओझं असेल, चढ असेल, वेग पंधराच्या खाली असेल तर लो. मला हे शिकायला एक बेल्ट लागला.

खरेदीपूर्वी उतारावर नक्की करून बघण्याची गोष्ट म्हणजे इंजिन ब्रेकिंग. लोमध्ये टाका, उतारावर अंगठा पूर्ण सोडा. चांगल्या युटिलिटीत इंजिन गाडीला धरून ठेवतं. काही जुन्या बेल्टवाल्या गाड्या इथे सुटतात, न्यूट्रल केल्यासारख्या घरंगळतात. तुमच्याकडे तीव्र उतार असतील तर अशी गाडी फुकट मिळाली तरी नको.

आणि अंगठा! दोन्ही प्रकारांत अॅक्सिलरेटर उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो, मूठ पिळायची नसते. धक्क्याने मागे फेकलं गेल्यावर मूठ आपोआप पिळली जाते, अंगठा मात्र सुटतो, म्हणून हे बरं. पण चार तासांनी अंगठ्याच्या मुळाशी जी कळ येते ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते. चाचणीसाठी दहा मिनिटं मिळाली तर त्यातली दोन नुसती स्प्रिंग किती कडक आहे हे बघण्यात घाला.

स्पोर्टची बाजूही ऐका

एवढं सगळं वाचून वाटेल की मी स्पोर्ट क्वाडवर खार खाऊन आहे. ती लाल गाडी मी अजून विकलेली नाही.

तिचं सस्पेन्शन तेवीस ते सत्तावीस सेंटिमीटर खेळतं, बैठक खाली, चाकं रुंद पसरलेली, पुढचे टायर एकवीस इंची आणि मागचे त्याहून बुटके, रुंद. वाळूत किंवा भुसभुशीत मातीत एकामागून एक उंचवटे असतात तिथे ती घेऊन जा. उभं राहायचं, गुडघे सैल, तिसरा गिअर. पहिले दोन उंचवटे अंगाला लागतात. मग वेग थोडा वाढवला की गाडी खड्ड्यात उतरायचीच बंद होते, फक्त माथ्यांना टेकत जाते, आणि तुमच्या खाली सगळं हलत असताना हँडल मात्र शांत असतं. तीनशे किलोच्या युटिलिटीवर हाच प्रकार केला तर तिसऱ्या उंचवट्याला ती तुम्हाला हवेत भिरकावेल. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवून, अंगठ्याने ते घसरणं मोजून-मापून धरून ठेवणं, हे स्पोर्टवरच जमतं. त्यासाठीच ती बनवली आहे आणि त्यात ती लबाडी करत नाही.

तिचा खर्च मात्र वेगळ्या जागी होतो. दर दोन-तीन फेऱ्यांनी चेनचा ताण बघा, तेल द्या. एअर फिल्टर फोमचा असतो. धुळीत फिरलात तर प्रत्येक वेळी धुवायचा, वाळवायचा, फिल्टरचं तेल लावून बसवायचा. युटिलिटीची निगा कमी वेळा लागते, पण लागते तेव्हा जास्त जागी लागते: इंजिनचं ऑइल, पुढच्या डिफरन्शियलचं, मागच्या गिअरबॉक्सचं, बेल्ट, चारही एक्सलच्या सांध्यांवरचे रबरी बूट (टोपणं), चिखलाने बुजणारा रेडिएटर. बूट फाटला आणि लक्ष गेलं नाही की आत माती जाते आणि सांधा कुरकुरायला लागतो.

मधली वाट म्हणून स्पोर्ट-युटिलिटी नावाचा प्रकार आहे: कॅन-अॅमची रेनेगेड, पोलारिसची स्क्रॅम्बलर. चारही चाकांना ताकद, बेल्ट, मोठं इंजिन, स्पोर्टसारखा चेहरा. वेगाने चिखल तुडवायचा असेल तर झकास. पण वजन युटिलिटीच्या जवळ आणि कॅरिअर नावापुरतं. दोन्हीची कामं एकीवर भागतील या आशेने घेणाऱ्याची इथे निराशा होते.

मोठं इंजिन घ्यायचा मोहही आवरा. कामाला ४२० ते ५७० सीसी पुरतं. हजार सीसीची युटिलिटी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. चिखलात रुतली की ढकलायला तीन माणसं लागतात. न्यूट्रलमध्ये सपाटीवर ती एकट्याने ढकलून बघा. सरकत नसेल तर ती तुमची गाडी नव्हे.

मागे कोणाला बसवायचं असेल तर दोन्ही प्रकार बाद. सीट लांब असते ती चालवणाऱ्याला मागे-पुढे सरकता यावं म्हणून, दुसऱ्यासाठी नाही. पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली खास दोघांची क्वाड मिळते, नाहीतर सीटबेल्ट आणि पिंजरा असलेली शेजारी-शेजारी बसायची गाडी. मुलांच्या बाबतीत तर तडजोड नकोच: मोठ्यांसाठी बनवलेल्या क्वाडवर ‘सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये’ असा इशारा चिकटवलेला असतो, तो शोभेसाठी नाही.

जुनी घेताना

जुनी स्पोर्ट गाडी बघायला गेलात तर मालकापेक्षा एअर फिल्टरच्या पेटीला विचारा. झाकण उघडा आणि फिल्टरच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूच्या नळीत बोट फिरवा. बारीक रेती लागली तर पिस्टनने ती खाल्ली आहे. फ्रेमची वेल्डिंग, विशेषतः पुढच्या ए-आर्म (चाक फ्रेमला जोडणारे दांडे) जिथे जोडल्यात तिथे, नवीन रंगाखाली लपलेली नाही ना ते बघा. गाडी उड्या मारून आपटलेली असते तेव्हा तडा तिथेच जातो. सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा कुठे आहे ते विचारा.

युटिलिटीत पुढची बाजू जॅकवर उचला, चाक वर-खाली धरून हलवा. टक-टक खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा; दुधाळ असेल तर गाडी पोहून आली आहे. चार चाकांचं बटण दाबून भुसभुशीत मातीत पुढची चाकं खरंच ओढतात का ते उतरून कोणालातरी बघायला सांगा, डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. आणि बघायला जाण्याआधीच मालकाला फोन करून सांगा की इंजिन गार ठेवा. पोचल्यावर ते गरम लागलं तर थंड असताना ते चालू होत नाही असं समजा.

जाताना खिशात कमी दाबाचा हवेचा गेज ठेवा. क्वाडच्या टायरमध्ये ४ ते ७ पीएसआयच हवा असते, गाडीचा नेहमीचा गेज ती दाखवतच नाही, आणि डाव्या-उजव्या टायरमध्ये एका पीएसआयचा फरक पडला तरी क्वाड एका बाजूला ओढते. मी एकदा या ओढण्यापायी चांगली युटिलिटी वाकडी समजून नाकारली होती. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्याने घेतली आणि फक्त हवा भरली.